आडनावानंतरचा प्रश्न

माझं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. लिहिलं, की वरुड-मोर्शीपासून अकोटपर्यंतचा प्रत्येक वाचक पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी एकच विचारेल, "कोनते?" आणि त्या एका शब्दाचा मला आता इतका संताप येतो, की तो कोणावर काढावा हे न कळून मी लिहायला बसले आहे.

बाहेरच्यांना हा प्रश्न कळायचा नाही, म्हणून सांगते. आमच्या वऱ्हाडात पुष्कळ आडनावं कोणा एका जातीची नाहीत. तेच आडनाव काळ्या जमिनीचे मालक लावतात, तेच भाजीपाला आणि फुलं पिकवून बाजारात बसणारे लावतात, आणि या दोघांनीही ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं तेही लावतात. त्यामुळे नुसत्या आडनावावर आमच्या माणसांचं समाधान होत नाही. आडनाव सांगितलं की लगेच "कोनते?" त्याला सरळ उत्तर मिळालं नाही, तर "मूळ गाव कोनतं?" आणि तरीही थांग लागला नाही, तर शेवटचा प्रश्न, "मामकूळ कोनतं?" म्हणजे आईच्या माहेरचं आडनाव काय. दोन आडनावं आणि एक गाव हाती लागलं की जात निघतेच. हे सगळं हसतखेळत, चहा पिता पिता चालतं. कोणी कोणाला जात विचारली, असं मात्र कोणीच म्हणू शकत नाही.

माझे वडील यात वस्ताद होते. अकोल्याला आमच्या ओसरीवर रविवारी सोयरिकीवाले येऊन बसत. कोणी स्थळाचा कागद पुढे करी. वडील चष्मा कपाळावर चढवत, डोळे मिटत, दोन-तीन गावांची नावं पुटपुटत आणि म्हणत, "नाई. ते आपल्यातले नाई." जुळत आलेलं लग्न तिथेच मोडायचं आणि समोरचा माणूस वर आभार मानून जायचा. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. मला वाटायचं, केवढं ज्ञान आहे आपल्या बाबांना! मीही तो खेळ शिकले. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईला गोड बोलून तीन प्रश्न विचारायचे आणि घरी येऊन बाबांना निकाल सांगायचा. बरोबर निघाला की ते माझी पाठ थोपटत. ती थाप आठवली की आता अंग आकसतं.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले. हजेरीपटावर आडनावांचं संमेलनच असायचं. एकाच्या आडनावात मारलेला वाघ, दुसऱ्याच्या आडनावात उंदीर, तिसऱ्याच्या ढोरं, चौथ्याचं आडनावच चवीला कडू. नवीन मूल आलं आणि त्याने आडनाव सांगितलं, की वर्ग खिदळायचा. मी डस्टर आपटायचे. "आडनावाला हसायचं नाही! कोण्या खापरपणज्याला गावाने ठेवलेलं नाव आहे ते. त्यात या लेकराचा काय दोष?" फार छान बोलायचे मी. मग मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत एखाद्या नव्या बाईंची ओळख व्हायची, आणि त्यांनी आडनाव सांगताच सगळ्यांच्या आधी मीच विचारायचे, "कोणते हो तुम्ही?" मुलांना हसायची बंदी होती, मला विचारायची नव्हती.

बाविसाव्या वर्षी लग्न होऊन मी अमरावतीला आले होते. सकाळी अक्षता पडल्या आणि संध्याकाळपर्यंत माझं जन्माचं आडनाव गेलं, सासरचं आलं. सासरी त्या आडनावाचा मोठा तोरा. सासरे सांगत, आपला मूळपुरुष कोण्या राजाच्या पदरी होता, त्याने मोठं मैदान मारलं, म्हणून हे आडनाव मिळालं. राजा कोणता आणि मैदान कुठलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. नवी सून म्हणून मी मान हलवत ऐकून घ्यायचे.

पण त्याच वर्षी कार्तिकात आम्ही कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो, तेव्हा परतताना ह्यांनी वाट वाकडी करून मला वर्धा नदीच्या काठच्या एका शेतात नेलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे उभ्या कपाशीच्या, मधोमध शेंदूर फासलेला मारुती, बाजूला बुजलेली विहीर आणि पांढऱ्या मातीचा उंचवटा. हे म्हणाले, "हे आपलं रिठ." उठून गेलेल्या ओसाड गावाला आमच्याकडे रिठ म्हणतात. तिथे माणूस राहत नाही, पण तलाठ्याच्या कागदावर गावाचं नाव चालू असतं. आणि त्या रिठाचं नाव म्हणजेच आमचं आडनाव. कधीतरी नदीला पूर आला, गाव उठलं, माणसं पांगली आणि जिथे गेली तिथे मागे राहिलेल्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यात राजाही नव्हता आणि मैदानही नव्हतं. आम्ही मारुतीपुढे नारळ फोडला आणि घरी आलो. हे मी मुद्दाम सांगते आहे. आमच्या आडनावाचं मूळ ह्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनीच मला ते दाखवलं होतं.

आमचं घर राजापेठेत. गल्लीत शिकवणी वर्गांच्या पाट्या आणि दिवसभर स्कूट्यांचे हॉर्न. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला, म्हणून वरची खोली आम्ही शिकणाऱ्या मुलींना देतो. खोली दाखवायचं काम माझं, प्रश्न विचारायचं काम ह्यांचं. गेल्या वर्षी जानेवारीत एक मुलगी एकटीच आली. पाठीवर सॅक, हातात संत्र्यांची पिशवी. अकोल्याला शिकून कृषीची पदवी घेतलेली, आता कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेची तयारी करायची होती. गाव शेंदूरजनाघाटच्या जवळचं. ह्यांनी आडनाव विचारलं, तिने सांगितलं आणि ते आमचंच निघालं.

नुसतं आमचं नव्हे, अगदी आमच्यासारखं उच्चारलेलं. आमच्या आडनावाचा मधला भाग पुण्याचे लोक ताणून म्हणतात. आमचा मुलगाही हल्ली तसंच म्हणतो, ऑफिसात बरं दिसतं म्हणे. आमच्या नदीकाठी तो अर्धा गिळतात. माझ्या सासूबाई गिळायच्या, तसाच त्या पोरीने गिळला. हे खुर्चीतून उठलेच.

"अवो, ऐकलं का! आपलीच पोरगी हाय!" मला हाक मारून मग तिला विचारलं, "बाबा काय करते वो तुहा?"

"संत्र्याचा बगीचा हाय काकाजी. लहानसाच."

झालं! आडनाव आमचं, उच्चार आमचा आणि वर संत्र्याचा बगीचा. बगीचा म्हणजे जमीन, आणि जमीन आहे म्हणजे आपल्यातलेच, दुसऱ्या कोणाची जमीन असायचीच नाही, हे ह्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. मीही विचारले नाहीत. त्याच दुपारी तिने खोलीत सामान लावलं.

पुढचे आठ महिने घरात लेक आल्यासारखे गेले. गच्चीवरच्या कुंडीतलं लिंबू तीन वर्षं नुसतंच वाढत होतं. तिने त्याची माती बदलली, फांद्या छाटल्या, आणि उन्हाळ्यात त्याला फुलं धरली. हे संध्याकाळी फिरून येताना तिच्यासाठी गिला वडा बांधून आणायचे, आणि वर हाक द्यायचे, "माय, थंडा होईन, ये लवकर!" पोटच्या मुलीला ह्यांनी कधी अशी हाक दिल्याचं मला आठवत नाही. ती खाली यायची, खाता खाता ह्यांना पिकांवरच्या रोगांची नावं सांगायची आणि पुन्हा अभ्यासाला वर जायची.

एका रविवारी जेवताना आडनावाचा विषय निघाला. ह्यांनी राजाची आणि मैदानाची गोष्ट रंगवून सांगितली. ती हसली. म्हणाली, "आमची आजी तं येगळंच सांगे काकाजी. आपलं गाव नदीनं नेलं म्हने. ज्याच्या हाती जे आलं, ते घेऊन तो निंघाला. आमच्या मानसाजोळ न्यायले काहीच नव्हतं, त्यायनं गावाचं नाव नेलं."

ह्यांनी मांडीवर थाप मारली. "बरोब्बर! तेच ते रिठ! कार्तिकात तुले दाखवतो."

न्यायला काहीच नव्हतं अशी माणसं त्या गावात कोण असतील, हा विचार त्या जेवणात ह्यांच्या मनाला शिवला नाही.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. त्यांचे मुखवटे उंबरठ्यावरून आत आणायचे ते घरच्या लेकीने, असा आमचा रिवाज. आमची लेक दोन वर्षं सणाला येऊ शकली नव्हती. हे म्हणाले, "कुळातली लेक घरात हाय, मंग अडलं काय?" मी वर जाऊन तिला विचारलं. हेही मागोमाग आले. ती जरा थांबली आणि म्हणाली, "काकू, आमच्या घरी महालक्ष्म्या नसतात."

मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "खंड पडला असन. सणात घरचं मानूस गेलं, का बंद पडतात काही जनायकडं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंच होतं. लहानपणापासून तीन प्रश्न विचारत आलेल्या बाईला न कळायला काय झालं? पण ती मला आवडत होती, आणि कळलं असं म्हटलं असतं तर पुढे काही करावं लागलं असतं. मी म्हटलं, "काही होत नाही, ये तू." तिने हिरवं लुगडं नेसून, कुंकवाच्या पावलांवरून मुखवटे आत आणले. हे दारात उभे राहून फोटो काढत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाला माझी नणंद अकोल्याहून आली. माझे बाबा गेले, पण त्यांची विद्या तिच्यासारख्यांनी जिवंत ठेवलेली आहे. पंगत बसली. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. नणंद त्या मुलीच्या शेजारीच बसली होती. मुलगी गोड, आडनाव घरचंच, लग्नाच्या वयाची. एकच आडनाव म्हणजे भाऊबंदकी, आपल्यात सोयरीक होत नाही, पण दुसरीकडे सुचवता येईल, असा काहीतरी हिशेब तिने मनात मांडला असावा. कारण तिने अगदी प्रेमाने विचारलं, "पोरी, मामकूळ कोनतं वो तुहं?"

मुलीने हातातली आंबिलीची वाटी खाली ठेवली. आईच्या माहेरचं आडनाव सांगितलं, गावही सांगितलं. मान खाली न घालता, शाळेत हजेरी द्यावी तसं स्पष्ट.

पंगतीतल्या प्रत्येकाला कळलं. वाढणारी माझी जाऊ पोळी हातात धरून जागच्या जागी थांबली. नणंद आधी आपल्या पानाकडे बघत राहिली, मग मुलीकडे.

"मंग सांगतलं काहून नाई?"

"कोनी इचारलंच नाई, आत्याबाई. आडनाव इचारलं होतं, ते सांगतलं. ते खरंच हाय."

नणंद ह्यांच्याकडे वळली. "दादा, मुखवटे इच्या हातानं आनले तुमी!"

ह्यांनी मान वर केली नाही. पोळीचा एक तुकडा ताटात इकडून तिकडे सरकवत बसले. आणि मी? वर्गात डस्टर आपटणारी मी तुपाची वाटी हातात घेऊन उभी होते. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "आधी जेवून घ्या सगळे." माणसाची जीभ ऐनवेळी अशी लुळी पडते, याची चीड मला अजून आहे, आणि ती नणंदेपेक्षा माझ्यावर जास्त आहे.

मुलीने पानात वाढलेलं सगळं संपवलं. आपलं ताट स्वतः धुतलं आणि वर गेली. तिची पाठ वळताच नणंदेने मुखवट्यांवर गोमूत्र शिंपडलं.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या, पाहुणे गेले आणि हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आठ दिसात खोली खाली कराले सांग तिले."

"तिची परीक्षा तीन आठवड्यांवर आली."

"मंग मी काय करू? ताई अकोल्यात सगळ्याइले सांगून रायली. तूच सांग. तू बाईमानूस, तुले बरं जमते."

मी तणतणत जिना चढले. सांगायला नव्हे. तू कुठेही जायचं नाही, असं बजावायला चढले होते. दार उघडंच होतं. पुस्तकांची दोन खोकी सुतळीने बांधून तयार होती आणि ती भिंतीवरचं अभ्यासाचं वेळापत्रक उतरवत होती.

"काकू, तुमी काही बोलू नका," ती म्हणाली. "तुमाले बोलावं लागलं, तं तुमालेच वाईट वाटन. मले सवय हाय. हे तिसरी खोली. मांगच्या दोन तं महिन्याच्या आतच गेल्या. इथं आठ महिने भेटले."

"मी आहे ना इथे. परीक्षा होईपर्यंत कोण काढतं तुला, बघते मी."

"रायलो तरी अभ्यास नाई होनार काकू. सारा दिवस कान जिन्याकडंच रायतीन."

ती मैत्रिणीच्या खोलीत गेली. तिथे आधीच तिघी होत्या. एक खोकं मी उचललं, एक तिने. हे आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते. रिक्षा वळून गेली, मी आत आले आणि मग माझी जीभ सुटली. शाळेतली भाषा गळून पडली आणि अकोल्याची तोंडात आली.

"ह्या घरात ते आडनाव जल्मापासून लावनारे दोघंच होते. तुमी आनं ते पोरगी. मी तं बाहेरून आलेली, एका दिसात मले चिकटवलं तुमी ते. माह्या हातानं मुखवटे चालतात, तिच्या हातानं नाई? आनं रिठावर नेलं होतं ना मले? त्या गावात काय एकट्या तुमच्याच आज्याचं घर होतं? पूर आला तवा नदीनं इचारलं होतं का, तुमी कोनते म्हनून?"

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मी कुठं इचारलं? जग इचारते." आणि टीव्ही लावला. त्या कार्तिकात आम्ही कौंडण्यपूरला गेलो नाही. मीच नाही म्हटलं.

लिंबाला मी पाणी घालत राहिले. परीक्षेच्या दिवशी तिला फोन केला, दोन-तीन वेळा भेटायलाही गेले. घरी ये असं म्हणायचं धाडस झालं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

या एप्रिलमध्ये निकाल लागला. तिचं नाव यादीत होतं. मी फोनवर रडले, ती हसली. म्हणाली, "ऑर्डर भेटली का पेढे आनतो काकू. पन खाली फाटकापाशीच देईन हं." मी म्हटलं, "घरात ये." ती म्हणाली, "पाहू." आणि दुसरा फोन येतोय म्हणून तिने माझा ठेवला.

दोन दिवसांनी तिचा फोटो वर्तमानपत्रात आला. मी गहू निवडत बसले होते आणि बाजूला ठेवलेला मोबाइल सारखा वाजायला लागला. आमच्या आडनावाला 'परिवार' जोडून नणंदेने एक ग्रुप काढला आहे. सगळे भाऊबंद त्यात आहेत. तिनेच वर्तमानपत्रातला फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, "आपल्या आडनावाची मुलगी अधिकारी झाली. सर्वांना अभिमान!" त्याखाली टाळ्या, पुष्पगुच्छ, हात जोडलेले. पुण्याच्या एका पुतण्याने लिहिलं, "शेवटी रक्त बोलतं." कोणी मूळपुरुषाचं मैदान आठवलं. आणि मग ह्यांचा संदेश आला, "आमच्याच घरी राहून अभ्यास केला तिने."

ज्या हातांनी खोकं रिक्षात ठेवलं होतं, ते गव्हात तसेच राहिले. मी त्या ग्रुपवर कधी काही लिहीत नाही. हात पदराला पुसले, मोबाइल उचलला आणि एकच शब्द लिहून पाठवला.

"कोणते?"

आतल्या खोलीत ह्यांचा मोबाइल वाजला. टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी तो शब्द वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात. आज महिना झाला, उत्तर कोणीच दिलेलं नाही.